पुण्यतर आणि अक्षयनीवी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात धरमतर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राचीन इतिहासातून आणि तत्त्वज्ञानातून आजच्या संसारी माणसास उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगाव्यात, अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी मला केली. विषय समुद्रासारखा आहे आणि मला दिलेला वेळ ओंजळीएवढा. तेव्हा फार दूर न जाता मी आपल्याला नाशिकच्या डोंगरात कोरलेला एक जमाखर्च वाचून दाखवणार आहे. त्याच्या अनुषंगाने अथेन्सची एक जुनी नौका आणि आपल्याच जिल्ह्यातील कुड्याची लेणी यांचाही उल्लेख येईल. जमाखर्च हा शब्द मी मुद्दाम वापरला. गेल्या सर्वसाधारण सभेत विद्यार्थी साहाय्यक निधीची मुद्दल काढून ती सभागृहाच्या बांधकामास लावावी, असा विचार निघाला होता आणि त्याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. आजचे माझे बोलणे त्या प्रश्नाला सोडून नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

प्रारंभ आपल्या गावाच्या नावापासून करू. ‘तर’ म्हणजे नदी अथवा खाडी ओलांडून नेणारी होडी. खाडीवर पूल नव्हता, त्या काळी मुंबईहून बोटीने येणारा उतारू धरमतरास उतरे आणि पेण, नागोठणे, रोहे या बाजूंना आपल्या वाटेने जाई. आज त्याच अंबेच्या मुखात कोळशाची आणि लोखंडी मातीची बार्जे चालतात, तरीही नावातील ‘तर’ तेवढी टिकून राहिली आहे. ‘धरम’ आणि ‘तर’ हे दोन शब्द असे शेजारी बसलेले पाहिले की मला प्रत्येक वेळी एक शिलालेख आठवतो. व्युत्पत्तीचा निवाडा भाषाशास्त्र्यांनी करावा. मला त्या शब्दांच्या शेजाराचा मोह पडतो, एवढेच.

हा लेख नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो तेथील दहाव्या लेण्याच्या ओसरीत आहे. तो कोरविणारा उषवदात, म्हणजेच ऋषभदत्त, हा दिनीकाचा पुत्र आणि क्षहरात राजा नहपान याचा जावई. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. घराणे शकांचे, म्हणजे बाहेरून आलेले. परंतु दानाची यादी पाहिली तर या भूमीत मुरलेली. त्याने तीन लक्ष गाई दिल्या, देवब्राह्मणांना सोळा गावे दिली, भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारे येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. हे सर्व राजवैभवाला शोभणारे झाले. मला त्यातील अधिक महत्त्वाचे वाटते ते निराळेच. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने नावांनी ‘पुण्यतर’ चालविली, म्हणजे उतारूकडून काही न घेता पार नेण्याची सोय केली. शिवाय त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. दोन्ही तीरांवर, हे शब्द ध्यानात घ्यावेत. होडीची वाट पाहत उन्हात उभा राहणारा मनुष्य अलीकडेही असतो आणि पलीकडेही असतो, हे ज्याने स्वतः कधी तरीची वाट पाहिली असेल त्यालाच सुचावे. राजाच्या जावयाला ते कसे सुचले याचे मला कौतुक वाटते.

आता जमाखर्चाकडे वळू. त्याच लेण्यात दुसरा लेख आहे. त्यावर ४२ वे वर्ष आणि वैशाख मास पडलेला आहे. उषवदाताने हे लेणे चातुर्दिश संघाला, म्हणजे चारही दिशांकडून येणाऱ्या भिक्षूंना अर्पण केले आणि त्यांच्या निर्वाहासाठी ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ करून दिली. नीवी म्हणजे मुद्दल, आणि अक्षय म्हणजे जिला खर्चाने हात लावावयाचा नाही अशी. ही रक्कम त्याने राजवाड्याच्या कोशात ठेवली नाही आणि विहारातही ठेवली नाही. गोवर्धन गावी राहणाऱ्या विणकरांच्या श्रेणींकडे ती ठेवली. मूळ शब्द ‘कोलिक’ असा आहे. आपल्या किनाऱ्यावर हा शब्द ऐकला की मासेमारी करणारे कोळीबांधव डोळ्यांपुढे येतात, परंतु तेथे त्याचा अर्थ कापड विणणारे असा आहे. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. हे कार्षापण परत द्यावयाचे नाहीत, व्याज तेवढे उपभोगावयाचे, असे स्पष्ट शब्द आहेत.

मुलांनी येथे पाटी-पेन्सिल घ्यावी. दोन हजारांचे शेकडा एक म्हणजे महिन्यास २०, वर्षास २४०. लेखात पुढे म्हटले आहे की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी १२ कार्षापण मिळावेत. वीस बारे दोनशे चाळीस. एक कार्षापण उरत नाही आणि एक कमी पडत नाही. उरलेल्या हजाराचे पाऊण टक्क्याने वर्षाचे ९० होतात, ते भिक्षूंच्या किरकोळ निर्वाहखर्चासाठी ठेवले आहेत. म्हणजे दात्याने आधी गरज मोजली, भिक्षू मोजले, व्याजाचा दर पाहिला, आणि मग मुद्दल किती हवी ते ठरविले. आपल्याकडे बहुधा याच्या उलट चालते. आधी वर्गणी जमते, आणि मग तिचे करावयाचे काय यावर तीन सभा होतात.

एवढ्याने तो थांबला नाही. हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगराच्या व्यापारीसभेत वाचून दाखविण्यात आले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आले. त्यानंतर ते दगडावर कोरले. ऐकणारे साक्षीदार, नोंदवही आणि शिळा, अशी तिहेरी तजवीज केली. राजाच्या जावयाला हिशेब विचारण्याची छाती कोणाची होती? तरी त्याने तो न विचारता दिला. आमच्या कोषाध्यक्षांनी यावर हसू नये. त्यांचे हिशेब चोख असतात हे मी जाणतो.

आता या कथेचा दुसरा भाग ऐका, कारण माझ्या मते खरा धडा तेथे आहे. उषवदाताचे घराणे टिकले नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. त्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक रौप्यमुद्रा होती आणि त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. विजेत्याने त्रिरश्मीच्या भिक्षूंना मात्र वाऱ्यावर सोडले नाही. आपल्या १८ व्या राज्यवर्षी त्याने गोवर्धनच्या अमात्यास आज्ञापत्र धाडले की, काखडी गावातील उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत या भिक्षूंना द्यावे. अवघ्या सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, त्याला आणि त्याच्या मातेला मिळून दुसरे आज्ञापत्र काढावे लागले. त्याचे कारण त्या लेखातच नमूद आहे: ते शेत कसले जात नाही आणि ते गाव वसत नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीपैकी १०० निवर्तने देण्यात आली.

राजाने दिलेली जमीन होती, सनद होती, शिळेवर कोरलेली आज्ञा होती. आणि सहा वर्षांत गाव ओस पडल्याबरोबर ते दान निष्फळ झाले. जमीन अथवा वास्तू ही कोणीतरी तिच्यात राबावे लागते तोवरच फळ देते. सभागृहाचे तसेच आहे. ते बांधण्यास मुद्दल लागते, आणि बांधून झाल्यावर रंग, गळती, वीजबिल, पहारेकरी यांसाठी दरसाल पुन्हा लागते. आपली तरुण मंडळी नोकरीसाठी पनवेल, ठाणे, मुंबईकडे गेली आहेत आणि लग्नकार्येही तिकडेच होऊ लागली आहेत. सभागृह नको असे मी म्हणत नाही. ते स्वतंत्र वर्गणीतून उभे राहावे, आणि ज्यांना त्याचा हौसेने उपयोग आहे त्यांनी ती वर्गणी द्यावी. दहावीनंतर मुलाचे शिक्षण थांबू नये म्हणून आपल्या वाडवडिलांनी जी रक्कम बाजूला ठेवली, ती भिंतींत जाऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. आपल्या निधीची मुद्दल तीच राहिली, पण रुपयाचे मोल घसरले. ज्या व्याजातून पूर्वी वर्षाची फी आणि पुस्तके निघत, त्यातून आज वह्या निघतात. मग अशी अक्षय रक्कम नावापुरतीच अक्षय नव्हे काय? उषवदाताची नाणीही नव्या राजाने आपल्या छापाखाली घेतलीच की. या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे. मुद्दल मोडू नये याचा अर्थ ती वाढवू नये असा होत नाही. दरसाल व्याजाचा ठराविक हिस्सा, समजा चौथाई, मुद्दलीत परत घालावा. आणि ज्या विद्यार्थ्यांस साहाय्य मिळाले त्यांनी नोकरी लागल्यावर यथाशक्ती भर घालावी, असा नियम घटनेत लिहावा. मुद्दल लहान झाली म्हणून ती मोडून टाकणे हे, रोप खुजे राहिले म्हणून उपटून चुलीत घालण्यासारखे होईल.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. विचारी श्रोत्याच्या मनात एक शंका आली असेल. बौद्ध मताप्रमाणे जगातील झाडून सारे पदार्थ अनित्य आहेत. काहीही क्षणभर तसेच राहत नाही. मग त्याच मताच्या भिक्षूंसाठी ‘अक्षय’ निधी कसा? ज्यांनी अनित्यता शिकविली त्यांच्याच लेण्यांत अक्षय हा शब्द वारंवार कोरलेला आढळावा, यात विसंगती नाही काय?

या कोड्याचा उलगडा ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथातील एका दृष्टान्ताने होण्यासारखा आहे. यवन राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक मेनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा हा संवाद. राजा विचारतो की, जन्मलेले मूल आणि पुढे वाढलेला पुरुष हे एकच की वेगळे? नागसेन उलट विचारतो: रात्रभर जळणारा दिवा घे. पहिल्या प्रहरी जी ज्योत होती तीच दुसऱ्या प्रहरी आहे काय? राजा म्हणतो, नाही. मग पहिल्या प्रहरी एक दिवा आणि दुसऱ्या प्रहरी दुसरा दिवा असे होते काय? राजा म्हणतो, तसेही नाही. त्याच दिव्याच्या आधाराने रात्रभर उजेड राहिला. ज्योत क्षणोक्षणी नवी होते, तेल संपते, पुन्हा घालतात, आणि वाचणाऱ्याचे पुस्तक मात्र अंधारात जात नाही. अक्षय या शब्दाचा अर्थ माझ्या मते असाच घ्यावयाचा. जे बदलत नाही ते अक्षय नव्हे. जिथे तेल घालणारा हात बदलला तरी उजेड तुटत नाही ते अक्षय.

ग्रीकांच्या घरीही हाच प्रश्न दुसऱ्या वेषात उभा होता, आणि तो आपल्यासारख्या खाडीकाठच्या लोकांना अधिक जवळचा वाटेल. थीसियस हा वीर ज्या तीस वल्ह्यांच्या नौकेतून क्रीट बेटावरून परतला, ती नौका अथेन्सच्या लोकांनी शतकानुशतके जपून ठेवली होती, असे प्लुटार्क सांगतो. एखादी फळी कुजली की ती काढून नवी घालीत. असे करता करता पंडितांत वाद लागला: ही थीसियसचीच नौका की दुसरी? आपल्याकडे कोणाही जुन्या तांडेलाला हा प्रश्न विचारा. तो म्हणेल, होडी दुरुस्त केली म्हणून नाव बदलते काय? तांडेलाचे उत्तर व्यवहाराचे आहे आणि पंडितांचा प्रश्न खोल आहे. दोन्ही आपापल्या जागी असू द्यावे. जाता जाता आणखी एक गोष्ट. अथेन्सच्या लोकांच्या समजुतीप्रमाणे हीच नौका दरसाल डेलॉस बेटावरील अपोलोच्या यात्रेस जाई, आणि ती परत येईपर्यंत नगरात कोणासही देहान्ताचे शासन करावयाचे नाही असा दंडक होता. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला विषप्राशनाची शिक्षा झाली ती नौकेच्या याच यात्रेच्या काळात. म्हणून त्याला बंदिगृहात कित्येक दिवस मिळाले, आणि ते त्याने मित्रांशी तत्त्वचर्चा करण्यात घालविले. फळ्या बदललेल्या एका जुन्या होडीने जगाला ते संभाषण मिळवून दिले.

आपल्या मंडळाचेही तसेच नव्हे काय? ज्यांनी ते स्थापिले त्यांपैकी आज कोणी हयात नाही. घटना बदलली, वर्गणी बदलली, जिल्ह्याचे नावसुद्धा १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले. तरी आपण या अहवालावर मागील वर्षाच्या पुढचा आकडा घालतो.

शेवटी कुडे येथील लेण्यांविषयी थोडे बोलतो, कारण ती आपल्या अगदी घरची आहेत आणि आपल्यातील फार थोड्यांनी पाहिली आहेत. राजपुरीच्या खाडीच्या टोकास, मांदाडजवळ ही २६ बौद्ध लेणी आहेत. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या वर्णनात कल्याणनंतर सेमुल्ला, म्हणजे आपले चौल, आणि त्यानंतर मंदगोर या बंदराचे नाव येते; ते मांदाड असावे असे काही विद्वान मानतात. चौलची कीर्ती तर एवढी होती की दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून पृथ्वीचे वर्णन लिहिणाऱ्या टॉलेमीने, या गावाहून आलेल्या लोकांकडून आपल्याला माहिती मिळाली, असे लिहून ठेवले आहे. तेथील रहिवासी गावाचे नाव कसे उच्चारतात हेही त्याने टिपले.

कुड्याच्या लेण्यांतील लेख भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. हे लेख राजांचे नाहीत. स्थानिक सत्ता महाभोज मांदव या घराण्याची होती, परंतु दान देणारे पाहा. शिवभूती नावाचा ‘लेखक’, म्हणजे महाभोजांच्या पदरचा कारकून. त्याने एक लेणे दिले आणि त्याच्या धाकट्या भावाच्या कुटुंबाने दुसरे. सोमदेव नावाचा वैद्य, ज्याने दानात आपल्या मुलांबरोबर मुलींचीही नावे घातली. कऱ्हाडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी, घाट उतरून येथवर आलेला. फुलमाळी आहेत, श्रेष्ठी आहेत, तांडे नेणारे सार्थवाह आहेत. प्रव्रजिता पदुमनिका आपल्या शिष्यांसह आहे. आणि भायिला नावाची ब्राह्मण स्त्री आहे. तिचा नवरा अयितिलु हा ब्राह्मण असून बौद्ध उपासक होता. चैत्यगृहाचे दान मात्र भायिलेच्या नावावर आहे.

आपण आपल्या देणगीदारांच्या फलकाकडे एकदा पाहावे. तेथे ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ किती आहेत ते मोजावे. घरातील बांगडी मोडून वर्गणी भरलेल्या कित्येक माउल्यांच्या रकमा त्यांच्या यजमानांच्या नावांवर चढलेल्या आहेत. कुड्याच्या पाथरवटाने दोन हजार वर्षांपूर्वी जे केले ते आमच्या रंगाऱ्याला करता येऊ नये?

नाशिकच्याच दुसऱ्या एका लेण्यात, तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या ९ व्या वर्षी, विष्णुदत्ता नावाच्या शकस्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशीच अक्षयनीवी केली. कुलरिक म्हणजे बहुधा कुंभार, त्यांच्या श्रेणीकडे १,०००, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे २,०००, आणि तेल्यांच्या श्रेणीकडेही ठेव ठेवली. येथे दाती शक, रक्कम सांभाळणारे कुंभार आणि तेली, आणि औषध पिणारे भिक्षू कोठून कोठून आलेले! श्रेणी ही व्यवसायाची संघटना होती, आपली ज्ञाती जन्माची. दोन्ही एक आहेत असे मी मानीत नाही. परंतु सांभाळणारे हात एका समाजाचे असले तरी लाभ त्या समाजापुरता ठेवला नव्हता, हे लेखांत उघड दिसते. आपल्या निधीतून दरसाल निदान एक शिष्यवृत्ती ज्ञातीबाहेरील, याच खाडीकाठच्या गरजू मुलास अथवा मुलीस द्यावी, अशी सूचना मी पुढील सभेपुढे लेखी ठेवणार आहे. तिला विरोध होईल हे मला ठाऊक आहे. विरोध करणाऱ्यांनी तो सभेत करावा, निगमसभेसारखा सर्वांच्या कानावर जाईल असा, आणि इतिवृत्तात नोंदवावा.

पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी कुड्याचे ठिकाण ठरवावे अशीही विनंती आहे. पेणवरून महामार्गाने इंदापूर, तेथून तळे आणि मांदाड असा रस्ता आहे. पावसाळा उलटल्यावर जावे, म्हणजे पायऱ्या कोरड्या असतात. लेख ओसरीच्या भिंतींवर आहेत आणि सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे चांगली उठून दिसतात. मुलांसाठी ब्राह्मी लिपीचा तक्ता मी करून देईन.